प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या: न मानणाऱ्या माणसांमध्ये ख्रिस्ताची साक्ष कशी द्यावी

1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या आश्रमात राहत होत्या. शास्त्रं तोंडपाठ असलेली ही विदुषी वादात कुणाला सहज हार जाणारी नव्हती. सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम बघायला पाठवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा दिला जात होता आणि त्यांची मायेने देखभाल होत होती. आपण असं कुठे पाहिलं नव्हतं, असं रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. अशा बायकांसाठी हे लोक एवढं का करतात, हे त्यांनी सिस्टरांना विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

यातला क्रम बघा. आधी त्यांनी काम पाहिलं, मग त्यांच्या मनात प्रश्न आला आणि त्यानंतर त्यांना वचन ऐकवलं गेलं. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. समोरच्याने काही विचारलेलंही नसतं आणि आपण उत्तर देऊन मोकळे होतो. ज्यांना आपल्या शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना, सोयऱ्यांना येशूबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं, पण समोरचा माणूस मुळात देवच मानत नाही किंवा 'मिशनरी' म्हटलं की सावध होतो, अशा ख्रिस्ती वाचकांसाठी हा लेख आहे.

आधी स्वतःचा हेतू तपासा

एक प्रश्न स्वतःला विचारा. हा माणूस शेवटपर्यंत येशूला मानणार नाही असं मला आज कळलं, तर उद्या मी त्याच्यासाठी धावून जाईन का? उत्तर 'नाही' असेल तर अजून थांबा आणि प्रार्थना करा, कारण तुमच्या हातून होणारी मदत ही मदत नसून आमिष होईल. माणसांना हे फार लवकर कळतं, आणि विचार करणाऱ्या माणसांना तर सगळ्यांत आधी.

महाराष्ट्रात या गोष्टीला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मिशनांनी हजारो जीव वाचवले, अनाथ मुलं सांभाळली. पण तेव्हा ख्रिस्ती झालेल्यांना 'पोटार्थी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यातल्या अनेकांचा विश्वास खरा होता. पिढ्यान्‌पिढ्या तो टिकला, यावरूनच ते दिसतं. तरीही धान्य आणि धर्म एका हाताने दिला गेला की घेणाऱ्याच्या माथी असा डाग लागतो. म्हणून दोन्ही हात वेगळे ठेवायचे. येशूने म्हटलंच आहे की बाप आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो (मत्तय 5:45). त्या उन्हासाठी कुणाला आधी काही कबूल करावं लागत नाही.

समोरच्याची शंका नेमकी कोणती आहे?

'नास्तिक' या एका शब्दाखाली आपण फार वेगवेगळी माणसं कोंबतो. आपल्याकडे विवेकवादाची मोठी, स्वाभिमानी परंपरा आहे. 1989 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्या विचारातून घडलेला माणूस तुमच्याकडे बघताना एकच पाहत असतो: हाही लोकांच्या भोळेपणावर जगतो का? त्याच्यासमोर 'प्रार्थनेने कॅन्सर बरा झाला'चे व्हिडिओ ठेवले तर तुमचं पुढचं काहीच तो ऐकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. तेलाची बाटली विकून बरं करतो म्हणणाऱ्यांचा राग त्याला येतो तसा आपल्यालाही यायला हवा. त्याच्याबरोबर उभं राहण्याची ही पहिली जागा आहे.

दुसरा माणूस वेगळा. त्याचं मूल गेलं किंवा बायको गेली, आणि त्याने देवघर बंद केलं. त्याला युक्तिवाद नको असतो.

तिसऱ्याला देवाबद्दल फारशी शंका नसते, शंका असते ती आपल्याबद्दल. 'हे लोक धर्म बदलायला येतात' हे त्याने ऐकलेलं असतं, क्वचित पाहिलेलंही असतं.

आणि चौथा आपल्याच घरात असतो. संडेस्कूलला गेलेला, 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातली ना. वा. टिळकांची भजनं पाठ असलेला, आता पुण्यात नोकरी करणारा आणि रविवारी फोन न उचलणारा मुलगा. चर्चमधली भांडणं, निवडणुका, जमिनीचे वाद त्याने जवळून पाहिलेत. त्याच्या बाबतीत दयाळूपणाची सुरुवात म्हणजे 'आज उपासनेला गेलास का?' हा प्रश्न काही महिने तरी बंद करणं आणि त्याची नोकरी, त्याचे मित्र, त्याची झोप यांची चौकशी करणं. तो बोलू लागला की मधे तोडू नका.

कुणाची शंका कुठली, हे कळायला ऐकावं लागतं. ऐकण्याच्या या काळात तुम्ही साक्ष देत नाही असं समजू नका.

एकच गोष्ट निवडा, पण नेमाने करा

मोठी कामं कधीतरी करण्यापेक्षा छोटं काम ठरलेल्या दिवशी केलेलं बरं. एकट्या राहणाऱ्या आजोबांना नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत सोबत जा, नाहीतर घरीच मोबाइलवर करून द्या. रेशनच्या दुकानावरचा अंगठा लागत नसेल तर आधार केंद्रावर घेऊन जा. शेजारच्या वहिनींची रात्रपाळी असेल तर त्यांच्या मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडा. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास, असं काही ठरवलंत तर तीन महिन्यांनी तुम्ही त्यांच्या घरातले होता.

आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक जण विसरतात. तुम्ही त्याच्याशी कसे वागता यापेक्षा तुम्ही वॉचमनशी कसे बोलता, घरकामाच्या ताईंना चहा कुठल्या कपात देता, सुट्टीचे पैसे कापता का, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून आवाज चढवता का, याकडे शंका घेणाऱ्या माणसाचं लक्ष असतं. तुमचं दुकान असेल तर मापाकडे आणि बिलाकडे. त्याच्याशी गोड वागून तुमचा काही फायदा असू शकतो, हे त्याला माहीत असतं. कामाच्या ताईंशी नीट वागून तुम्हाला मिळण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे जे दिसतं ते तो खरं मानतो.

केलेल्या मदतीचा फोटो काढू नका. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आज एका हिंदू कुटुंबाला मदत करण्याची संधी प्रभूने दिली' असं टाकू नका. असे स्क्रीनशॉट फिरतात, आणि ज्यांच्या घरात तुम्ही आपलेपणाने गेलात त्यांना आपण कुणाच्या तरी अहवालातली एक ओळ होतो असं वाटतं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही येशूची आज्ञा (मत्तय 6:3) मोबाइलच्या काळात अधिकच कामाची आहे.

घ्यायलाही शिका

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि मार्गदर्शन करणारे तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलतात. शोमरोनी बाईची ती गोष्ट पुन्हा वाचा. येशू तिला आधी काही देत नाही. तो दमलेला आहे, दुपारची वेळ आहे, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यामुळे ती चकित होते आणि म्हणूनच प्रश्न विचारते. पाणी कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, याचा अर्थ आपल्या मातीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. मागण्यातून येशूने त्या बाईला मान दिला.

आपण मात्र कायम देणाऱ्याच्या जागी बसतो. देणारा उंचावर असतो आणि घेणाऱ्याला ते जाणवत राहतं. म्हणून मागा. 'सर, आमच्या मुलाला दहावीचं बीजगणित जमत नाहीये, रविवारी तासभर बघाल का?' असं त्या निवृत्त, कट्टर निरीश्वरवादी शिक्षकांना विचारा. शेजाऱ्यांकडून शिडी आणा, मिरच्या आणा, लग्नाला जाताना घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवा. ज्याच्याकडे आपण किल्ली देतो त्याच्यावर आपला विश्वास आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दिवाळीचा फराळ आला की ताट मनापासून घ्या, चकली छान झाली असेल तर तसं सांगा आणि ताट रिकामं परत पाठवू नका. नाताळात तुमच्या करंज्या आणि केक त्यांच्याकडे गेलाच पाहिजे. प्रसादाबद्दल ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. पौलाच्या काळच्या करिंथच्या मंडळीतही होते. तुमचा विवेक घेऊ देत नसेल तर तोंड फिरवून किंवा खोटं कारण सांगून टाळू नका. 'वहिनी, देवापुढे ठेवलेलं मी घेत नाही, एवढं समजून घ्या, पण गणपतीच्या मांडवाला हात लावायला मी येतो' असं सरळ सांगा. श्रद्धेशी प्रामाणिक असलेला माणूस न मानणाऱ्यालाही आवडतो. त्याला खोटेपणा आवडत नाही.

आजारपण आणि मयत

इथे थोडं थांबून सांगतो, कारण चांगल्या मनाची माणसंही इथेच सर्वांत जास्त दुखावतात.

कुणी अॅडमिट झालं की 'काही लागलं तर सांगा हं' असं म्हणून निघू नका. कुणी कधी सांगत नाही. 'मंगळवारी रात्री मी थांबतो, तुम्ही घरी जाऊन झोपा' असं दिवस ठरवून सांगा. जाताना लांब वायरचा चार्जर, पातळ चादर आणि चप्पल न्या. पेशंटसाठी हॉस्पिटलचं जेवण असतं, उपाशी असतो तो बाहेर बाकावर बसलेला मुलगा. त्याच्यासाठी पोळी-भाजीचा डबा न्या. मेडिक्लेमच्या कागदांना कुणीतरी शांत डोक्याचं लागतं, ते काम अंगावर घ्या. हे सगळं करताना येशूचं नाव काढलं नाहीत तरी चालेल.

प्रार्थना करावीशी वाटली तर परवानगी घ्या. 'मी घरी तुमच्यासाठी प्रार्थना करतोच. इथे दोन वाक्यं केली तर चालेल का?' 'नको' म्हणाले तर 'बरं' म्हणा, आणि तुमचा चेहरा पडू देऊ नका. 'हो' म्हणाले तर खरोखर दोनच वाक्यं करा, हळू आवाजात, शेजारच्या कॉटला ऐकू जाणार नाही अशी. औषध बंद करा असं चुकूनही सुचवू नका. मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडून घाईने काहीतरी वदवून घेणं तर मुळीच नको. त्याच्या कुटुंबाला ते जन्मभर चोरीसारखं वाटत राहील.

दुःखाच्या घरी 'देवाची इच्छा' हे शब्द उच्चारू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा पिठलं-भाकरी पाठवायला सगळी आळी असते. तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि घर एकदम रिकामं होतं. त्या आठवड्यात जा. वर्षाने त्याच तारखेला एक फोन करा. ती तारीख आठवणारी माणसं फार थोडी उरतात.

प्रश्न आला की

कधीतरी तो येतो. बहुतेकदा थोडा तिरकस येतो.

'काय रे, दर आठवड्याला येतोस. चर्चने सांगितलंय काय?'

'नाही काका, चर्चला माहीतही नाही. मला तुमच्याकडे यायला आवडतं.'

'पण तुला काय मिळतं यातून?'

'खरं सांगू? मी येशूला मानतो. त्याने माझ्यावर माझी लायकी न बघता प्रेम केलं, असा माझा विश्वास आहे. माझी नोकरी गेली होती तेव्हा मी त्यावरच तगलो. म्हणून मलाही कुणाचा हिशेब न ठेवता वागावंसं वाटतं. नेहमी जमतं असं नाही.'

'मला नाही बाबा पटत हे देव वगैरे.'

'माहीत आहे काका. का पटत नाही ते एकदा मला नीट सांगा ना.'

एवढंच. दोन मिनिटांच्या आत तुमचं बोलणं संपून चेंडू पुन्हा त्यांच्याकडे गेला पाहिजे. आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, असं पेत्राने लिहिलं आहे (1 पेत्र 3:15), आणि त्यातलं 'विचारणाऱ्याला' आपण नेहमी गाळतो. बोलताना 'तुम्ही पापी आहात' अशी सुरुवात नको. 'माझ्या बाबतीत असं झालं' असं सांगा. उद्धार, तारण, कोकऱ्याचं रक्त हे आपल्या उपासनेतले शब्द बाहेरच्याला कळत नाहीत, ते साध्या मराठीत सांगता येतात का याचा घरी सराव करा. जेवढं स्वतः अनुभवलंय तेवढंच बोला.

मात्र विचारल्यावर लपवूही नका. 'असंच, माणुसकी म्हणून' असं म्हणून येशूचं नाव गिळणं हीसुद्धा एक प्रकारची फसवणूक आहे.

अवघड प्रश्नांना सरळ उत्तरं

'गोव्यात तुमच्या लोकांनी काय केलं?' असं विचारलं जाईल. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ते 1812 पर्यंत होतं, मधला थोडा खंड सोडला तर अडीचशे वर्षं. धर्माच्या नावाने तिथे छळ झाला. यावर 'पण मिशनऱ्यांनी शाळाही काढल्या' हे उत्तर नाही. 'ते पाप होतं आणि येशूच्या शिकवणीच्या विरुद्ध होतं' एवढं म्हणा आणि थांबा. शाळांचा आणि मिरजेच्या वॉन्लेस हॉस्पिटलसारख्या कामांचा विषय त्यांनी काढला तर बोला.

'तुमच्यात जात नाही म्हणता, मग लग्नं कशी जमतात?' हा प्रश्नही येईल, आणि विचारणारा बरोबर असेल. मंडळीत जात शिरलेली आहे हे मान्य करा.

'देव आहे तर माझा मुलगा का गेला?' याला मी उत्तर देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका. क्रुसावर येशूनेही 'का?' असंच विचारलं होतं, एवढं सांगता येतं, तेही जवळ बसून, आणि त्यांनी विचारलं तरच.

तुम्हाला उत्तर येत नसेल तर 'वाचून सांगतो' म्हणा आणि खरंच वाचून सांगा. शंका हा विश्वासाचा शत्रू आहे असं समजू नका. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्या प्रश्न विचारत राहिल्या आणि केडगावचं मुक्ती मिशनही उभं करत राहिल्या.

पुस्तक कधी द्यावं?

1893 मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या, आणि उतरण्याआधी त्यांना नवा करार दिला. टिळकांनी वाचायचं कबूल केलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांना ते सोडवेना. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तेव्हा पुस्तक द्यावं, पण बोलणं झाल्यावर आणि समोरच्याला हवं असेल तेव्हा. आजच्या मराठीतलं भाषांतर निवडा. जुन्या भाषेने तरुण मुलं दोन पानांत थकतात. विचारी माणसाला मत्तयाचे 5 ते 7 अध्याय सुचवा, ज्याला गोष्ट आवडते त्याला मार्क, कारण ते चारांत सर्वांत छोटं आहे. दिल्यावर 'वाचलं का?' म्हणून मागे लागू नका.

जिथे थांबायचंच

मदत आणि विश्वास यांची सांगड घालणारं एकही वाक्य बोलू नका. अॅडमिशन, नोकरी, फी, उपचार यांच्याशी चर्चचा संबंध जोडू नका. तुमच्या हाताखाली काम करणाऱ्याशी, तुमच्या पेशंटशी, तुमच्या विद्यार्थ्याशी या विषयावर स्वतःहून बोलू नका, कारण त्याला 'नाही' म्हणणं अवघड असतं. दुसऱ्याच्या लहान मुलांना आईवडिलांच्या नकळत काही शिकवू नका. 1893 मध्ये पंडिता रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर हेच वादळ आलं होतं. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचा हेतू काहीही असो, पालकांचा विश्वास एकदा तुटला की कामाला किती मोठा फटका बसतो ते तिथे दिसतं.

कायदाही माहीत असू द्या. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बळजबरी, फसवणूक किंवा आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराविरुद्ध अनेक राज्यांत कायदे आहेत. तुम्ही राहता तिथे आज काय नियम आहेत ते एखाद्या वकिलाकडून समजून घ्या.

उत्तर 'नाही' आलं तर, आणि 'हो' आलं तर

महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या कामाचं त्यांना कौतुक होतं, त्यांचे मित्र बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले. स्वतः फुले झाले नाहीत. त्यांनी आपला सत्यशोधक मार्ग काढला. तुमचे काकाही तसेच राहतील कदाचित. गुरुवार चालू ठेवा.

कुणी जवळ येऊ लागलं तर घाई करू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांची आणि लक्ष्मीबाईंची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई आपलं सोवळं-ओवळं पाळत राहिल्या, आणि टिळकांनी ते पाळू दिलं. स्वतःच्या विचाराने त्यांनी जातपात सोडली आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. ज्याचं मन वळतंय त्याच्या आईवडिलांचा, बायकोचा, मुलांचा विचार तुम्ही त्याच्याइतकाच केला पाहिजे. त्याने घरापासून काही लपवावं असा सल्ला देऊ नका.

आणि 'एकदा तुमच्या चर्चला येतो रे' असं कुणी म्हणालं तर आधीच सगळं सांगून ठेवा: उपासना साधारण किती वेळ चालते, कधी उभं राहतात, दानाची पिशवी समोर आली तर पुढे द्यायची, प्रभुभोजनाच्या वेळी बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसा. पाळक साहेबांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की पाहुणे येणार आहेत, त्यांना उभं करून नाव विचारू नका, टाळ्या नकोत. उपासनेनंतर चहा घ्या, आणि 'कसं वाटलं?' हे त्यांनी स्वतः काढेपर्यंत क्रिकेटवर बोला.